फॅनफिकला ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, पण पुस्तकात छापून म्हणा

मराठी लेखक, लेखकांचे वारस आणि प्रकाशक यांस,

स. न. वि. वि.

आम्ही नागपुरातले फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणारे, वाचणारे आणि दुसऱ्यांच्या कथा प्रसिद्ध होण्याआधी तपासून देणारे लोक आहोत. तुमच्या कथा-कादंबऱ्यांतली पात्रं घेऊन वाचक नव्या कथा लिहितात, प्रतिलिपी किंवा वॉटपॅड अशा कथांच्या अ‍ॅपवर टाकतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरवतात, हे तुमच्या कानावर आलंच असेल. आमची मागणी एकच आहे. याबद्दल तुमचं म्हणणं काय, ते लेखी सांगा. ‘हो’ असेल तर अटी सांगा. ‘नाही’ असेल तर तेवढंही पुरे.

आज काय आहे? पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर मुद्रक, मुखपृष्ठकार, आयएसबीएन यांच्या शेजारी एक ठरलेलं वाक्य असतं: लेखी पूर्वपरवानगीशिवाय या पुस्तकातला कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात वापरता येणार नाही. ते वाक्य अख्खं पुस्तक झेरॉक्स काढणाऱ्याला उद्देशून आहे. कादंबरी संपल्यावर नायिकेचं पुढे काय झालं, हे स्वतःच्या शब्दांत लिहून पाहणाऱ्या बारावीच्या मुलीला त्यातून काहीच कळत नाही. ती लेखकाला मेसेज करते. उत्तर येत नाही. ती कथा टाकते, आणि तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी घाबरून टाकत नाही. एकाच पुस्तकाबद्दल दोन वाचक दोन टोकांचे अंदाज बांधून वागतात.

नाटकवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर प्रयोग करायचा तर लेखकाचं परवानगीपत्र जोडावं लागतं, हे इथल्या कॉलेजच्या पोरांनाही पाठ असतं. कोणाला फोन करायचा, मानधन किती, पत्रात काय लिहून घ्यायचं, सगळं ठरलेलं. कथा-कादंबरीच्या बाबतीत असा रिवाज पडलाच नाही, कारण पूर्वी वाचकाने लिहिलेलं वहीतच राहायचं. आता ते एका बटणावर जगभर जातं.

कायद्याचं आधी स्पष्ट बोलू, कारण इथे दोन्ही बाजू फुशारक्या मारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फॅनफिक असा शब्द कुठेच नाही. कलम १४ मूळ कृतीचं रूपांतर करण्याचा हक्क हक्कधारकाला देतं, आणि रूपांतराच्या व्याख्येत कृतीची फेरमांडणी किंवा तिच्यात बदल करून केलेला वापरही येतो. म्हणजे ‘मोफत आहे ना, मग चालतं’ हे आमच्यातल्या पुष्कळांचं म्हणणं कायद्याला धरून नाही. पैसे न घेतल्याने शिक्षा सौम्य होऊ शकते, पण तेवढ्याने कृती वैध ठरत नाही. उलट बाजूने, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलं आहे की कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. विदर्भातल्या पडक्या वाड्यात राहणारं, आपसात न बोलणारं कुटुंब ही कल्पना सगळ्यांची. ठरावीक नावांची, ठरावीक स्वभावांची, ठरावीक बोलण्याची माणसं ही लेखकाची. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातल्या पोलिसाबद्दल, वैशिष्ट्यपूर्ण रेखाटलेल्या पात्राला तत्त्वतः संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं. आणि १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने सिविक चंद्रन खटल्यात मूळ नाटकातलीच पात्रं घेऊन, त्या नाटकाची राजकीय उलटतपासणी करणारं ‘प्रतिनाटक’ हे टीकेसाठी केलेला उचित वापर ठरवलं. मूळ कृतीला जाब विचारणाऱ्या लेखनाला उचित वापराच्या कलम ५२ चा आधार आहे. नुसत्या प्रेमापोटी पुढचा भाग लिहिणाऱ्याला तो आधार फार लंगडा आहे. म्हणूनच तुमचा शब्द हवा.

आमच्या बाजूचे लोक लगेच महाभारताचा दाखला देतात: कर्णावर कादंबऱ्या झाल्या, ययातीवर झाली, मग हेही तसंच. तो दाखला इथे लागू नाही. व्यासांचा वारस वकिलाची नोटीस पाठवत नाही, आणि तो काही कोणा हयात लेखकाच्या रोजीरोटीचा प्रश्नही नाही. ज्याचं पुस्तक आज दुकानात आहे त्याच्याशी बोलताना महाभारत मध्ये आणू नये, असं आम्ही आमच्या लोकांनाही सांगतो.

मात्र ज्यांच्या पुस्तकांची मुदत संपली आहे त्यांच्याबद्दल विनाकारण धास्ती आहे, ती जावी. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं, असा हिशेब असतो. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चिमणराव-गुंड्याभाऊच्या कथा १ जानेवारी २०२४ पासून मोकळ्या आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला १९१९ साली देह ठेवलेल्या राम गणेश गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’तला तळीराम तर कधीचाच मोकळा आहे. सिंधूने सुधाकराला पहिल्याच पेल्यानंतर सोडून दिलं असतं तर काय, हे कोणीही लिहावं, छापावं, विकावं. आचार्य अत्रे १९६९ चे, म्हणून त्यांची मुदत २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. केशवकुमार या नावाने दुसऱ्यांच्या कवितांची विडंबनं करणाऱ्या माणसाच्या ओळींना अजून कुंपण आहे, ही गंमत खरी.

यात दोन खाचखळगे आहेत. चिमणरावांच्या कथा मोकळ्या झाल्या, पण त्यांच्यावरची दूरदर्शनची मालिका मोकळी झालेली नाही. मालिकेने भरलेले प्रसंग, तिथले संवाद, नटांचे चेहरे वापरता येणार नाहीत. मूळ पुस्तक समोर ठेवून लिहायचं, आठवणीतली मालिका समोर ठेवून नाही. दुसरं, लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या मजकुराची साठ वर्षं मृत्यूपासून नव्हे, तर प्रकाशनापासून मोजतात. चिमणराव स्वतः, प्रथमपुरुषी, स्वतःचीच फजिती सांगतो. त्याला सीताबर्डीच्या मेन रोडवर आणून संत्र्याच्या भावावरून विक्रेत्याशी हुज्जत घालायला लावणं सोपं आहे. विक्रेता ‘काहून जी, पुण्याचे काय?’ म्हणाला की हशा मिळतो. पण निवेदन तृतीयपुरुषी केलं की चिमणराव मरतो, उरतो तो फक्त एक भित्रा कारकून. नवशिक्यांच्या दहा कथांतल्या बऱ्याच इथेच फसतात.

आता तुमच्या भीतींबद्दल. सगळ्यात मोठी भीती विक्री बुडण्याची. ती बुडवणारा माणूस दुसरा आहे. तो पुस्तक स्कॅन करतो, पीडीएफ टेलिग्रामवर टाकतो, किंवा अख्खी कथा यूट्यूबवर वाचून दाखवून जाहिरातींचे पैसे घेतो. फॅनफिक वाचायला मूळ पुस्तक आधी वाचलेलं असावं लागतं, नाहीतर ओ की ठो कळत नाही. पीडीएफवाल्यावरचा राग कथा लिहिणाऱ्यावर काढू नका. खरं तर पीडीएफ कुठे फिरते आहे हे सर्वांत आधी चाहत्यांनाच कळतं, आणि विचारलंत तर ते सांगतातही.

दुसरी भीती खरी आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत कोणी बोलत नाही. लेखकाने चाहत्याची कथा वाचली, पुढे त्याच्या नव्या कादंबरीत तसाच प्रसंग आला, आणि चाहता म्हणाला, माझा चोरला. १९९२ च्या सुमारास अमेरिकन लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांचा एका चाहतीशी असाच वाद झाला आणि हातातली कादंबरी सोडून द्यावी लागली. नेमकं काय झालं याची दोन्ही बाजूंची हकिकत वेगवेगळी आहे, पण तेव्हापासून तिकडचे बरेच लेखक चाहत्यांचं लेखन वाचतच नाहीत. ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट यांची भूमिका साधारण अशीच होती: लिहा, पण पैसे करू नका आणि माझ्या पायात येईल अशा जागी ठेवू नका. हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंनी विनामूल्य लेखनाला हरकत घेतली नाही, मात्र २००३ साली त्यांच्या पात्राला कोलकात्यात आणणारं बंगाली पुस्तक विक्रीला आल्यावर ते थांबवलं गेलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले जॉर्ज मार्टिन यांना फॅनफिक मुळीच मान्य नाही. अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांनीही २००० साली साफ नकार दिला, आणि फॅनफिक्शन डॉट नेट या संकेतस्थळाने त्यांच्या पात्रांवरच्या कथा घेणंच बंद केलं. जे लेखक ‘नको’ म्हणाले त्यांच्या नावांची यादी त्या ठिकाणी आहे. नकार पाळला जातो. मात्र तो कळवलेला असावा लागतो.

तर ‘हो’ म्हणायचं ठरलं, तर काय लिहायचं? हा मसुदा. पुढच्या आवृत्तीच्या दुसऱ्या पानावर एवढा मजकूर मावतो:

“या कादंबरीतील पात्रे व प्रसंग घेऊन वाचकांनी नवीन कथा लिहून प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही. कथा मोफत असावी. तिच्यावर सबस्क्रिप्शन, जाहिरात, अ‍ॅपवरची नाणी, स्टिकर, देणगी किंवा बक्षीस घेऊ नये. छापील पुस्तक, दिवाळी अंक, ध्वनिमुद्रण, नाटक व चित्रपट यांस ही परवानगी लागू नाही. मूळ पुस्तकातील सलग पन्नास व एकूण दोनशे शब्दांहून अधिक मजकूर उतरवू नये. मुखपृष्ठ व चित्रे वापरू नयेत. आरंभी मूळ पुस्तकाचे व लेखकाचे नाव द्यावे आणि ही कथा वाचकाने लिहिली असून मूळ लेखकाचा तिच्याशी संबंध नाही, असे स्पष्ट लिहावे. अठरा वर्षांखालील पात्रांचे लैंगिक चित्रण करू नये. मी अशा कथा वाचत नाही. माझ्या पुढील लेखनात साम्य आढळल्यास त्याबद्दल कोणताही दावा करता येणार नाही. ही परवानगी जगभरासाठी, दहा वर्षांची आहे. ती मागे घेतल्यास तोवर प्रसिद्ध झालेल्या कथा तशाच राहू शकतील.”

यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या भांडणातून आला आहे. ‘नफा कमवू नये’ एवढंच लिहिलं की लोक म्हणतात, नफा कुठे, स्टिकर मिळाले. म्हणून मिळकतीची नावं घेऊन लिहायचं. अ‍ॅपवर लेखकाच्या खात्याला सबस्क्रिप्शन चालू असेल तर त्यात ही कथाही आपोआप कुलूपबंद होते आणि मोफत कथा विकाऊ बनते. तेव्हा फॅनफिक वेगळ्या खात्यावर ठेवायचं किंवा त्या कथेपुरतं सबस्क्रिप्शन बंद ठेवायचं. दिवाळी अंकाचं नाव मुद्दाम घातलं आहे, कारण तिथे जाहिराती असतात आणि मानधनही असतं. कॉलेजच्या वार्षिकांकाला हवं तर सूट द्या, पण तसं लिहा.

शब्दांची मर्यादा कायद्यात कुठेही आकड्यात दिलेली नाही. ‘दहा टक्के चालतं’ ही लोकांनी ठेवलेली समजूत आहे. आकडा तुम्हीच द्यायचा, म्हणजे वाद मिटतो. तो नसला तर नेहमीचं दुखणं होतं: जुनी आठवण सांगण्याच्या निमित्ताने मूळ कादंबरीतली दोन पानं जशीच्या तशी उतरवली जातात, आणि तेवढ्यावर प्रकरण फॅनफिकचं न राहता उचलेगिरीचं होतं.

मुखपृष्ठाबाबत तर लेखकाला परवानगी देताच येत नाही, कारण ते चित्र बहुधा चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं असतं. आणि अठरा वर्षांखालच्या पात्रांची अट ही आवडीनिवडीची बाब नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब मध्ये मुलांचं अश्लील चित्रण मजकुरातून केलं तरी गुन्हा आहे. पात्र काल्पनिक आहे, या सबबीवर आम्ही तरी कोणाला विसंबू देणार नाही. बालसाहित्याच्या लेखकांनी हे वाक्य ठळक अक्षरांत छापावं.

मुदत आणि प्रदेश का लिहायचे? हक्क हस्तांतरणाच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कलम ३०-अ मुळे हेच परवानगीलाही लागतं. सदिच्छेने, मुदत न घालता दिलेली परवानगी पाच वर्षांनी गुपचूप संपते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

‘हो’ म्हटलं म्हणजे सगळं हातचं गेलं, असंही नाही. कलम ५७ खाली, तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारींनी कादंबरीचे चित्रपट हक्क विकले होते, तरी १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क शाबूत मानला. आम्हाला मात्र एक विनंती करायची आहे: शेवट आवडला नाही, नायक भित्रा दाखवला, जात बदलली, दोन पुरुष पात्रांत प्रेम दाखवलं, एवढ्याला मोडतोड म्हणू नका.

वारस आणि प्रकाशक यांच्यासाठी थोडं वेगळं. मराठी पुस्तकांत ‘सर्व हक्क सौ. अमुक यांच्या स्वाधीन’ असं छापायची जुनी रीत आहे. नुसत्या छापील ओळीने हक्क हस्तांतरित होत नाहीत; लेखी, सही केलेला कागद लागतो. तो पुष्कळ घरांत नसतो. मग लेखक गेल्यावर तीन मुलं, दोन नाती आणि एक प्रकाशक यांपैकी कोणाचं ‘हो’ खरं, हे कोणालाच माहीत नसतं. एक मुलगा आनंदाने परवानगी देतो, दुसरी बहीण वर्षभराने नोटीस पाठवते. म्हणून परवानगी देण्याआधी प्रकाशनाचा करार काढून रूपांतराचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहावं, चित्रपटाचे हक्क कोणाला दिले असतील तर त्या कराराशी टक्कर होत नाही ना ते तपासावं, आणि घरात एकाच माणसाने उत्तर द्यायचं हे लिहून ठेवावं. त्या माणसाचा ईमेल पुस्तकात छापावा. लँडलाइन नको, ती बंद झालेली असते.

आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर? ‘माझ्या पात्रांवर आधारित लेखन प्रसिद्ध करू नये’, एवढं एक वाक्य पुस्तकात आणि तुमच्या फेसबुक पानावर. कारण द्यायची गरज नाही. तरीही एखादी कथा दिसली तर आधी लिहिणाऱ्याला साधा संदेश पाठवा. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं, कारण समोरचा तुमचा वाचक असतो. त्याला एकदम कलम ६३ आणि तीन वर्षांचा तुरुंग दाखवणारी नोटीस पाठवली, तर वाचक गेला आणि नोटिशीचा फोटो गावभर फिरला. संदेशाने भागलं नाही तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ आहे. लेखी तक्रार केल्यावर ती योग्य वाटल्यास संकेतस्थळाने छत्तीस तासांत मजकूर बंद करायचा, आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा चालू करता येतो. तक्रारीत कथेचा नेमका दुवा, तुमच्या हक्काचा पुरावा आणि या मुदतीत न्यायालयातून आदेश आणण्याची हमी द्यावी लागते. ती हमी वाचूनच सही करा. सतरा वर्षांच्या मुलीवर दावा लावायची तयारी नसेल तर या वाटेने जाऊ नये.

खऱ्या माणसांवरच्या, म्हणजे नटनट्यांवरच्या आणि खेळाडूंवरच्या कथांचा विषय आम्ही इथे घेतलेला नाही. त्यात लेखकाच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही, तो बदनामीच्या कायद्याचा भाग आहे. मालिकांचंही तेच, तिथे हक्क वाहिनीचे किंवा निर्मात्याचे असतात, संवादलेखकाने ‘हो’ म्हणून भागत नाही.

आमच्याकडून आम्ही एवढं करतो आणि करत राहू: तुमचं म्हणणं छापून येईपर्यंत हयात लेखकांच्या पात्रांवरची कथा मूळ पुस्तकाचं नाव आणि ‘मूळ लेखकाचा संबंध नाही’ हे सांगणाऱ्या आरंभीच्या टिपेशिवाय पुढे पाठवत नाही, मिळकतीला जोडत नाही, आणि तपासताना मूळ पुस्तक शेजारी ठेवून उतरवलेल्या ओळी काढून टाकतो. लेखकाचा नकार कळला की कथा उतरवतो. हे पत्र विदर्भ साहित्य संघासह राज्यातल्या साहित्यसंस्थांनी आपल्या सभासद लेखकांपर्यंत पोचवावं आणि वरचा मसुदा, हवा तसा बदलून, प्रकाशन कराराच्या नमुन्याला जोडावा. फेरमुद्रणाला पुस्तक जाणार असेल तर दुसरं पान पुन्हा जुळवावंच लागतं. त्याच वेळी हे काम उरकता येईल.

आपले,
नागपुरातील फॅनफिक लिहिणारे, वाचणारे व तपासणारे